प्रथा आहे, पण पुरावा आहे का?

मामाच्या मुलीशी लग्न कायद्याने चालते का, या प्रश्नाला महाराष्ट्रात दोन टोकांची उत्तरे मिळतात. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे, त्यात विचारायचे काय? तर एखादा शिकलेला नातेवाईक कायद्याचे पुस्तक उघडून सांगतो की असे लग्न मुळातच रद्दबातल. दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे आणि दोघांचेही म्हणणे अपुरे आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ अशा लग्नाला आधी मनाई करतो आणि मग, दोन्ही पक्षांची रूढी तशी असेल तर, ती मनाई उठवतो. म्हणून तुमचे लग्न वैध की अवैध, हे कलमाच्या शब्दांपेक्षा तुमच्या हातातल्या पुराव्यावर जास्त अवलंबून असते. हा पुरावा लग्न ठरत असतानाच जमवावा. वाद उभा राहिल्यावर तो जमत नाही आणि जमला तरी त्याचे वजन घटलेले असते.

आधी मनाई नेमकी कुठली ते पाहू. कायद्यातल्या कलम ५ मध्ये वैध विवाहाच्या अटी आहेत. चौथी अट अशी की वधूवर ‘निषिद्ध नात्यां’मध्ये बसता कामा नयेत. या नात्यांची यादी कलम ३ मध्ये आहे आणि तीत भाऊ-बहीण, काका किंवा मामा आणि पुतणी किंवा भाची, आत्या किंवा मावशी आणि भाचा यांच्याबरोबरच भावाबहिणीची मुले, दोन भावांची मुले आणि दोन बहिणींची मुलेही येतात. म्हणजे मामेबहीण, आतेबहीण, मावसबहीण, चुलतबहीण या चौघीही त्या यादीत आहेत. पाचवी अट सपिंड नात्याची. स्वतःला पहिली पिढी धरून वर मोजत जायचे. आईच्या बाजूने तिसऱ्या पिढीपर्यंत आणि वडिलांच्या बाजूने पाचव्या पिढीपर्यंत दोघांचा पूर्वज एकच निघाला, तर ते दोघे सपिंड. मामाच्या मुलीचे उदाहरण घ्या. मुलाकडून मोजले तर तो स्वतः एक, आई दोन, आईचे वडील तीन. मुलीकडून मोजले तर ती स्वतः एक, वडील दोन, वडिलांचे वडील तीन. दोन्हीकडून तोच माणूस मर्यादेच्या आत आला. अशा रीतीने एकाच लग्नाला दोन स्वतंत्र अटी आडव्या येतात आणि कलम ११ प्रमाणे यांतली एक अट मोडली तरी विवाह शून्य ठरतो.

ही मोजणी प्रत्येक घराने कागदावर करून पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यातून अनेकांची अनावश्यक भीती जाते आणि काहींचा गाफीलपणाही. सामाईक पूर्वज दोघांच्याही मर्यादेत असावा लागतो. एकाच्या मर्यादेत असून भागत नाही. मुलाची आई आणि मुलीचे वडील एकमेकांचे चुलत किंवा मामे-आते भावंड असतील, तर सामाईक पूर्वज मुलाकडून आईच्या बाजूने चौथ्या पिढीवर जातो. आईकडची मर्यादा तिसरीपर्यंतच असल्याने ते सपिंड नाहीत आणि या लग्नाला रूढीचा आधार लागतच नाही. उलट दोघांचेही वडील एकमेकांचे चुलतभाऊ असतील, तर पणजोबा दोघांकडूनही वडिलांच्या बाजूने चौथ्या पिढीवर येतात. निषिद्ध नात्यांच्या यादीत हे नाते नसले तरी सपिंड म्हणून ते अडते. भाऊबंदकीतल्या अशा दूरच्या नात्यात कायद्याची अडचण असेल, हे पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून दोन्ही घरांनी पाच पिढ्यांची वंशावळ मांडावी आणि तीत प्रत्येक पायरी आईकडून की वडिलांकडून, ते लिहावे.

दोन गैरसमज इथेच दूर केलेले बरे. पहिला गोत्राचा. मामाच्या मुलीचे गोत्र वेगळे असते, म्हणून लग्न चालते, असे सांगणारे भेटतात. पण सगोत्र विवाहावरची बंदी १९४६ च्या कायद्याने उठली आणि १९५५ च्या कायद्यातही गोत्र ही विवाहाची अट नाही. रक्ताचे नाते नसलेले सगोत्र वधूवर कायद्याने मोकळे आहेत आणि भिन्न गोत्राची मामेबहीण मात्र मनाईच्या यादीत आहे. गोत्र जुळते की नाही, याला इथे अर्थ नाही. दुसरा गैरसमज दत्तकाचा. दत्तक गेल्याने जुने नाते तुटले, आता हरकत नाही, असा युक्तिवाद केला जातो. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ स्पष्ट सांगतो की जन्माच्या घरात राहून जिच्याशी किंवा ज्याच्याशी लग्न करता आले नसते, त्या व्यक्तीशी दत्तक गेल्यावरही करता येत नाही. शिवाय दत्तकामुळे जुळलेली नवी नातीही मनाईसाठी मोजली जातात. सावत्र नात्यालाही सवलत नाही.

आता अपवादाकडे वळू. चौथ्या आणि पाचव्या, दोन्ही अटींना कायद्याने एकच पुस्ती जोडली आहे: दोघांपैकी प्रत्येकाला लागू असलेली रूढी असा विवाह मान्य करीत असेल, तर मनाई नाही. ही सवलत संसदेने उगाच दिलेली नाही. बौधायन धर्मसूत्राने दक्षिणेकडच्या वेगळ्या आचारांत मामाच्या आणि आत्याच्या मुलीशी होणाऱ्या विवाहाचा उल्लेख केला आहे. मनुस्मृतीने अशा संबंधाला प्रायश्चित्त सांगितले, तर पराशरस्मृतीवरील भाष्यात माधवाचार्यांनी मातुलकन्येशी विवाहाचे समर्थन केले. महाभारतातली सुभद्रा नात्याने अर्जुनाची मामेबहीणच. इंग्रजी अमदानीत प्रिव्ही कौन्सिलने १८६८ साली रामनाडच्या प्रकरणात तत्त्व घालून दिले की हिंदू कायद्यात रूढीचा स्पष्ट पुरावा लिखित वचनावर मात करतो. १९५५ च्या कायद्याने बहुतेक जुने आचार बाजूला सारले, पण विवाहाच्या नात्यांबाबत ही वाट उघडी ठेवली. मात्र तिथे काय म्हणजे रूढी, याचीही व्याख्या केली. ती दीर्घकाळ, सतत आणि एकसारखी पाळली गेलेली हवी, निश्चित हवी, अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध नसावी, आणि ती केवळ एका कुटुंबाची असेल तर त्या कुटुंबाने ती सोडून दिलेली नसावी. सुभद्रेचा दाखला यांपैकी एकही अट पुरी करीत नाही. पुराणातली कथा तुमच्या जातीत किंवा गावात हा आचार चालत होता हे सिद्ध करीत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

रूढी ही नेहमी ठरावीक माणसांची आणि ठरावीक नात्याची असते आणि इथेच बहुतेक चुका होतात. कायद्याच्या यादीत ‘भावाबहिणीची मुले’ असा एकच शब्दप्रयोग असला तरी आपल्याकडची प्रथा एकतर्फी आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या नातेसंबंधांवरच्या अभ्यासात महाराष्ट्रातले हे वळण नोंदवले: अनेक जातींत मुलाने मामाची मुलगी करणे पसंत, पण आत्याची मुलगी करणे वर्ज्य. जातीजातींतही फरक आहे. देशस्थ ऋग्वेदींत मामाची मुलगी चालते, चित्पावनांत चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५३ सालीच सांगून ठेवले आहे की रूढी साम्यावरून किंवा तर्काने ताणता येत नाही. म्हणजे मामाच्या मुलीची प्रथा सिद्ध केल्याने आत्याच्या मुलीशी लग्न वैध होत नाही आणि मावसबहिणीशी तर नाहीच. सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या तेलुगु भाषक घरांची रूढी शेजारच्या मराठी घराच्या कामी येत नाही. तसेच स्थलांतर केले एवढ्याने त्यांची रूढी संपतही नाही. अनुसूचित जमातींना तर केंद्राने तशी अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदाच लागू होत नाही, त्यामुळे गोंडांसारख्या समाजांतल्या विवाहाची तपासणी त्यांच्या स्वतःच्या रूढीने होते. बौद्ध, जैन आणि शीख मात्र या कायद्याच्या कक्षेत आहेत. गोव्यातला विवाहाचा कायदा पोर्तुगीज परंपरेतून आलेला आणि वेगळा असल्याने तिथल्या वाचकांनी नागरी नोंदणी कार्यालयात स्वतंत्र चौकशी करावी.

‘प्रत्येकाला लागू असलेली रूढी’ या शब्दांचा आणखी एक परिणाम पुढच्या काळात अधिक जाणवेल. मामाची मुलगी आईच्या माहेरच्या समाजाची असते आणि मुलगा सहसा वडिलांच्या समाजाचा धरला जातो. आईवडिलांचे लग्न आंतरजातीय असेल तर या दोन समाजांच्या रूढी वेगळ्या असू शकतात. आईच्या माहेरी मामाच्या मुलीची प्रथा असली तरी वडिलांकडे ती नसेल, तर अपवादाची अट अर्धीच पुरी होते आणि अर्धी पुरी झालेली अट कायद्याच्या दृष्टीने मोडलेलीच. अशा घरांनी ‘आईकडे चालते’ एवढ्यावर पत्रिका छापू नयेत.

मग रूढी सिद्ध कशी करायची? रूढी आहे असे जो म्हणतो त्यानेच ती सिद्ध करायची, हा नियम पक्का आहे आणि न्यायालये या बाबतीत सैल नाहीत. ‘आमच्यात असते’ एवढे एका साक्षीदाराचे विधान पुरत नाही. सर्वांत उपयोगी पुरावा म्हणजे प्रत्यक्ष झालेली लग्ने. आपल्या घरात, भावकीत आणि समाजात याच नात्याची, याच दिशेची लग्ने कोणाकोणाची झाली, त्यांची नावे, अंदाजे साल, गाव आणि वधूवरांचे नाते अशी यादी करावी. ती दोन-तीन पिढ्या मागे जाणारी असावी आणि वेगवेगळ्या घरांतली असावी, कारण एकाच घरातल्या दोन लग्नांवरून समाजाची रूढी ठरत नाही. नाते सिद्ध करायला जुन्या लग्नपत्रिका, वारसनोंदीचे फेरफार, शाळा सोडल्याचे दाखले, तीर्थोपाध्यायांच्या वहीतल्या नोंदी, दक्षिण महाराष्ट्रात हेळव्यांनी राखलेल्या वंशावळी कामाला येतात. जोडीला छापील आधार शोधावा. आर्थर स्टील यांनी १८२७ साली दख्खनमधल्या जातींच्या चालीरीतींचा संग्रह केला, आर. ई. एन्थोवेन यांचे मुंबई इलाख्यातल्या जातीजमातींवरचे खंड १९२० ते १९२२ या काळात निघाले. विदर्भासाठी रसेल आणि हिरालाल यांचा १९१६ सालचा ग्रंथ आहे. मामाची मुलगी चालते की नाही, याबद्दलच्या नोंदी अशा ग्रंथांत सापडतात. तुमच्या जातीबद्दल विरुद्ध नोंद असेल तर तीही आधीच कळलेली बरी.

या सगळ्यात वडीलधाऱ्यांच्या जबानीला विशेष मोल आहे, आणि तिचे मोल वेळेवर ठरते. साक्षीपुराव्याच्या कायद्यात असे तत्त्व आहे की रूढीची किंवा नात्याची माहिती असणाऱ्या व्यक्तीने वाद उद्‌भवण्यापूर्वी केलेले विधान, ती व्यक्ती हयात नसली तरी, न्यायालयात ग्राह्य धरता येते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्येही हे तत्त्व कायम आहे. वाद सुरू झाल्यावर घेतलेल्या निवेदनाला ही सवलत नाही आणि तोवर आजी किंवा चुलत आजोबा साक्षीला असतीलच याची खात्रीही नाही. म्हणून दोन्ही घरांतल्या दोन-तीन वयोवृद्धांची सविस्तर, तारीख घातलेली प्रतिज्ञापत्रे लग्नापूर्वीच करून ठेवावीत. त्यांत ‘आमच्यात प्रथा आहे’ एवढेच मोघम न लिहिता त्यांनी स्वतः पाहिलेली लग्ने नावानिशी लिहावीत. वकिलाला दाखवून ही कागदपत्रे एकत्र बांधून ठेवली तर लग्नाच्या इतर खर्चाच्या मानाने हा खर्च नगण्य आहे.

यावर पहिला आक्षेप अगदी व्यवहारी असतो: इतकी लग्ने झाली, कोणी कधी विचारले? खरे आहे, संसार नीट चालला असताना कोणी विचारत नाही. विचारले जाते ते संसार मोडताना किंवा माणूस गेल्यावर. नवराबायकोत बिनसले की घटस्फोटाची कारणे शोधण्याऐवजी लग्नच शून्य होते, असा अर्ज करणे सोयीचे वाटते. कलम ११ खालचा असा अर्ज दोघांपैकी एकालाच करता येतो, पण मिळकतीच्या दाव्यात दीर, पुतणे किंवा इतर वारस हाच मुद्दा उपस्थित करू शकतात. तो टिकला तर ती स्त्री विधवा म्हणून वारस ठरत नाही आणि कुटुंब निवृत्तिवेतनही अडचणीत येऊ शकते. कलम १८ मध्ये एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षाही आहे, पण खरा फटका वारसाहक्काचा असतो. मुलांना कायद्याने बरेच संरक्षण दिले आहे. कलम १६ प्रमाणे शून्य विवाहातली मुलेही औरस मानली जातात आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केले की एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत आईवडिलांच्या वाट्याला जे येईल, त्यात त्यांना हिस्सा आहे. इतर नातेवाइकांच्या मिळकतीत मात्र नाही. विवाह शून्य ठरला तरी कलम २५ खाली कायमची पोटगी मागता येते, असेही त्या न्यायालयाने २०२५ साली सांगितले. ही संरक्षणे दिलासा देणारी आहेत, पण पत्नीच्या वारसाहक्काची जागा ती घेत नाहीत.

दुसरा आक्षेप नोंदणीचा: विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र मिळाले, आता काय? महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली होणारी नोंदणी विवाह झाल्याचा पुरावा असते. जो विवाह मुळातच शून्य आहे तो नोंदणीने वैध होत नाही. काही जण यावर उपाय म्हणून विशेष विवाह कायदा, १९५४ कडे वळतात. तिथे वाट अधिक अरुंद आहे. त्या कायद्याच्या परिशिष्टात चारही प्रकारच्या बहिणी मनाईच्या यादीत आहेत. रूढीचा अपवाद तिथेही आहे आणि तो एकाच पक्षाच्या रूढीवर भागतो. पण ती रूढी राज्य सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेली असावी लागते. साक्षीदार आणि जुनी लग्ने यांवर रूढी सिद्ध करण्याची मोकळीक तिथे नाही. म्हणून अशा नात्यात धार्मिक विधींनी लग्न करून हिंदू विवाह कायद्याखाली नोंदणी करणे आणि पुरावा तयार ठेवणे हाच मार्ग अधिक सुरक्षित आहे.

तिसरा आक्षेप तत्त्वाचा आहे आणि तो दोन विरुद्ध बाजूंनी येतो. एक बाजू म्हणते, सज्ञान माणसांनी कोणाशी लग्न करावे हे ठरवणारा कायदा कोण? सपिंड विवाहाची मनाई घटनाबाह्य आहे, असे म्हणत एक प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले होते. त्यातल्या स्त्रीचा विवाह पतीच्या अर्जावरून शून्य ठरला होता, कारण तिला रूढी सिद्ध करता आली नव्हती. जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने कलम ५ मधली ही अट कायम ठेवली. उद्या कोणी वरच्या न्यायालयात हा मुद्दा जिंकेलही. आज लग्न करणाऱ्याने आजच्या कायद्यावर चालावे. दुसरी बाजू आरोग्याची: जवळच्या नात्यातली लग्ने मुलांना घातक असतात, तेव्हा अपवादच नको. सख्ख्या भावंडांच्या मुलांच्या लग्नात अपत्यात गंभीर जन्मजात दोष असण्याची शक्यता एरवीच्या दोन-तीन टक्क्यांवरून साधारण दुप्पट होते आणि पिढ्यान्‌पिढ्या तीच घरे जोडली जात असतील तर ती आणखी वाढते. हा धोका गंभीरपणे घ्यावा. लग्नाआधी जनुकीय समुपदेशन आणि थॅलेसेमिया, सिकलसेल यांची तपासणी करून घ्यावी. पण वैधता आणि वैद्यकीय सल्ला हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तपासणीचा अहवाल चांगला आला म्हणून शून्य विवाह वैध होत नाही आणि रूढी सिद्ध झाली म्हणून जनुके बदलत नाहीत.

शेवटी, ज्यांचे लग्न होऊन गेले आहे आणि हाती कागद नाहीत, त्यांनी घाबरण्याचे कारण नाही, पण स्वस्थ बसण्याचेही नाही. वाद नसताना जमवलेला पुरावा आजही उपयोगी आहे. वंशावळ, जुन्या लग्नांची यादी आणि ज्येष्ठांची प्रतिज्ञापत्रे आता करून ठेवता येतात. त्याचबरोबर दोघांनी एकमेकांच्या नावाने मृत्युपत्र करावे आणि त्यात केवळ ‘माझी पत्नी’ किंवा ‘माझे पती’ असे न लिहिता पूर्ण नाव लिहावे, म्हणजे पुढे विवाहाच्या वैधतेवर शंका घेतली गेली तरी मिळकत हव्या त्या माणसाला जाईल. केवळ नामनिर्देशनावर विसंबू नये, कारण नामनिर्देशित व्यक्ती मालक होतेच असे नाही. घर घ्यायचे असेल तर दोघांच्या नावाने घ्यावे. आणि ज्यांचे लग्न अजून ठरायचे आहे, त्यांना पुरावा शोधताना असे आढळले की आपल्या समाजात हा आचार नव्हता, किंवा होता तो दुसऱ्या दिशेने, तर त्या लग्नाचा हट्ट सोडावा. साखरपुड्याआधी नकार देणे अवघड असते, पण दहा वर्षांच्या संसारानंतर न्यायालयाने तो संसार कधी झालाच नव्हता असे म्हणणे त्याहून फार अवघड असते.